प्लेटोवाचनाची नोंद : तेरावा संवाद, 'पहिला अल्किबियाडीज'

थ्रॅसिलस या प्राचीन विद्वानाने चार-चारच्या गटांत लावलेल्या क्रमाने प्लेटोचे 36 ग्रंथ वाचण्याचा नेम मी धरला असून पहिल्या तीन चौकड्या, म्हणजे 'युथिफ्रो'पासून 'फीड्रस'पर्यंतचे 12 संवाद, वाचून झाले आहेत. चौथ्या चौकडीत मात्र लेखक कोण हा प्रश्न आडवा येतो, कारण तिच्यातील चारही संवादांवर आधुनिक अभ्यासकांनी शंका घेतलेली आहे.

'पहिला अल्किबियाडीज' प्राचीनांनी निःशंकपणे प्लेटोचा मानला; नवप्लेटोवादी, म्हणजे प्राचीन काळाच्या अखेरीचे प्लेटोचे अनुयायी, तर विद्यार्थ्याच्या हाती सर्वांत आधी हाच संवाद देत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी श्लायरमाखर या जर्मन विद्वानाने तो नाकारला आणि तेव्हापासून हा वाद मिटलेला नाही.

पुढे अथेन्सचा नामांकित राजकारणी आणि सेनापती झालेला, पण येथे विशीही न गाठलेला अल्किबियाडीज अथेन्सच्या सभेत भाषण करायला निघाला आहे, आणि ज्या विषयांवर तो सल्ला देणार त्यांतले त्याला खरोखर काय कळते, हे सॉक्रेटिस त्याला विचारतो. पुढे चांभाराचा दाखला येतो. चांभार रापी वापरतो, तसेच आपले हात आणि डोळेही वापरतो. वापरणारा आणि वापरली जाणारी वस्तू वेगळी असते. माणूस तर सबंध शरीरच वापरतो, म्हणून माणूस म्हणजे त्याचा आत्मा.

मी सर्वाधिक रेंगाळलो तो उतारा याच्या पुढचा. डोळ्याला स्वतःला पाहायचे असेल तर त्याने दुसऱ्या डोळ्यात पाहावे, कारण समोरच्याच्या डोळ्यात पाहणाऱ्याची छोटी प्रतिमा उमटते आणि तिलाच ग्रीक भाषेत 'कोरे' म्हणतात. 'कोरे' म्हणजे मुलगी, बाहुली आणि डोळ्यातली बाहुलीसुद्धा. माझ्या इंग्रजी भाषांतरात येथे तळटीप आहे. मराठी वाचकाला तिची गरज नाही, हे लक्षात आले तेव्हा मला फार आनंद झाला. याच ठिकाणी, आरशाहून निर्मळ अशा देवाकडे पाहून आत्म्याने स्वतःला ओळखावे असे सांगणाऱ्या काही ओळी आहेत. त्या मध्ययुगीन हस्तलिखितांत नाहीत, केवळ युसेबियस आणि स्टोबियस या प्राचीन लेखकांनी दिलेल्या उद्धरणांत सापडतात. माझ्या वहीत मी त्या कंसात लिहिल्या आहेत, कारण त्या वगळल्या तरी युक्तिवाद कोठेही तुटत नाही.

आता लेखकाविषयी. नुकत्याच वाचलेल्या 'सिम्पोझियम' या प्लेटोच्या संवादामध्ये मद्यधुंद अल्किबियाडीज कबूल करतो की, आपल्यात इतके उणे असताना आपण स्वतःची हेळसांड करून अथेन्सचा कारभार पाहतो, हे सॉक्रेटिस त्याला मान्य करायला लावतो. या संवादाचा विषय नेमका हाच आहे. एकाच लेखकाने दोन्ही लिहिले असे यावरून म्हणता येते, आणि प्लेटोच्या अकादमीतल्या एखाद्या शिष्याने त्या एका कबुलीवरून अख्खा संवाद उभारला असेही म्हणता येते. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. 'सिम्पोझियम'मधला अल्किबियाडीज सॉक्रेटिसचे म्हणणे ऐकू नये म्हणून कान झाकून पळतो. येथला मात्र सुरुवातीची ऐट ओसरल्यावर पानामागून पान होकार देत राहतो, आणि सॉक्रेटिसही शोध घेण्याऐवजी धडा शिकवू लागतो. अर्थात प्लेटोनेच नवख्या वाचकांसाठी मुद्दाम सोपे लिहिले असेल, हा आक्षेप मला खोडून काढता आलेला नाही.

यापुढे 'दुसरा अल्किबियाडीज'. त्याचा विषय प्रार्थना हा आहे, म्हणून कंसातल्या त्या ओळी शेजारी ठेवूनच तो वाचणार आहे.