डोळे मिटून दाराची कडी शोधायची

बडोद्याला येऊन आठ दिवस झाले. दांडिया बाजारच्या घरी जो येतो तो विचारतो, "तुमच्याकडे विमानं पाण्यावर उतरतात म्हणे?" केवडियाचं सी-प्लेन २०२० साली टीव्हीवर पाहिल्यापासून काकांना कॅनडातल्या माझ्या यलोनाइफ गावाचं भारी कौतुक.

ते खरंच आहे. आमच्या गावाशेजारच्या ग्रेट स्लेव्ह लेकच्या काठाला विमानं होड्यांसारखी दोरीने बांधलेली असतात. तळं गोठलं की खालचे तराफे काढून स्की लावतात. जिथे रस्ता नाही, तिथे माणसं आणि किराणा त्यातूनच जातो.

पण काकांना मी १६ ऑगस्ट २०१८ बद्दलही सांगितलं. फोर्ट सिम्प्सनहून पाच जणांना घेऊन निघालेलं सेसना २०६ लिटल डॉक्टर लेकवर उतरताना उलटलं. पायलट आणि एक प्रवासी बाहेर आले, बाकीचे तिघे आतच बुडाले. या विमानाला मागे दुहेरी दार असतं. उतरताना पंखांचे फ्लॅप, म्हणजे मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, खाली केलेले असले, की दाराचा पुढचा भाग फ्लॅपला अडतो आणि जेमतेम फटीएवढाच उघडतो. त्या फटीतून मागच्या भागाची कडी चाचपून ओढायची, तीही उलटं लटकून, थंडगार पाण्यात. नवख्या माणसाला कसं जमावं? सी-प्लेनच्या अपघातांत बरेच जण धडकेतून वाचतात आणि मग बुडतात, हे कॅनडाचं अपघात तपास मंडळ कित्येक वर्षं सांगत आलं आहे. छोट्या व्यावसायिक सी-प्लेनमध्ये लाइफ जाकीट, म्हणजे पाण्यात तरंगवणारं फुगवायचं जाकीट, अंगावर घालूनच बसायचं, हा नियम मात्र २०१९ मध्ये जाहीर झाला.

मी पहिल्यांदा बसले तेव्हा पायलटने कमरेला ते जाकीट घडी करून ठेवलेली पिवळी पिशवी बांधायला लावली. मग म्हणाला, डोळे मिट, एक हात सीटवर ठेव आणि दुसऱ्या हाताने कडी शोध. तीनदा करून घेतलं.

"जाकीट आतच फुगवलं तर?" काकांनी विचारलं.

"तर पाणी तुम्हाला वर ढकलतं काका, आणि दार राहतं खाली. बाहेर पडल्यावरच फुगवायचं."

काकू तोवर गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "हरणीच्या पोरांना तर जाकीटच नव्हतं गं." १८ जानेवारी २०२४. हरणी तळ्यात होडी उलटली आणि सहलीला गेलेली १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडाल्या. त्या दिवशी मी यलोनाइफला फोन हातात धरून बसले होते. आपल्या बडोद्यातलं तळं, घरापासून अर्ध्या तासावरचं! बऱ्याच मुलांच्या अंगावर जाकीट नव्हतं. ती बातमी मला आजही पुरती वाचवत नाही.

दुसऱ्या दिवशी पुतणीला शाळेत सोडायला काकांच्या गाडीतून निघालो. तिने आदल्या रात्रीचं सगळं ऐकलं होतं. गाडी थांबताच तिने डोळे घट्ट मिटले, एक हात सीटवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने कडी बरोबर शोधली. ओढली, पण दार उघडेना. चाइल्ड लॉक लावलेलं होतं. काका उतरले, मागे येऊन त्यांनी बाहेरून दार उघडलं, आणि तिथेच उभे राहून लॉकचा खटका वर केला.