खांदा दुखणार, हे आधी कळलं होतं

काल रात्री दोन्ही खांदे ठणकत होते. ऑपरेशन पित्ताशयाचं, पोटावर चार बारीक छिद्रं, आणि दुखतंय भलतीकडेच! तरी मी निवांत पडून होते. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) चुरचुरतं आणि कळ खांद्यात जाणवते. एकदोन दिवसांत ओसरते. शेजारच्या कॉटवरच्या बाईंचंही ऑपरेशन हेच. पण त्यांना कुणी बोललंच नव्हतं. त्यांना वाटलं, हार्ट अटॅक. अंग घामाने भिजलं, छाती धडधडायला लागली, सिस्टरांनी ईसीजी काढला. नॉर्मल.

मी काही शूर नव्हे. 'अगं, हल्ली रोज होतात ही ऑपरेशनं' हे ऐकून कान किटले होते. त्याने भीती जात नाही, फक्त बोलून दाखवायची चोरी होते. डॉक्टरांना मात्र विचारून टाकलं, 'जागच आली नाही तर?' ते हसले नाहीत. स्टूल ओढून बसले. मी पूर्णवेळ तुमच्या उशाशी असेन म्हणाले; घशातल्या नळीमुळे घसा खवखवेल, जाग आल्यावर थंडी वाजेल, हेही सांगितलं.

१९६४ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या भूलतज्ज्ञांनी पोटाच्या ऑपरेशनच्या ९७ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना दुखणं कसं असेल, स्नायू सैल कसे सोडायचे, कूस कशी बदलायची हे नीट समजावलं. त्यांना मॉर्फिनसारखी औषधं जवळपास निम्मीच लागली आणि घरी सोडलं तेही सरासरी २.७ दिवस आधी. कुणाला समजावलंय, हे सर्जनना ठाऊक नव्हतं.

ताणाने कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं, जखम भरायला उशीर लागतो, हेही खरं. पण ते रुग्णाला ऐकवू नये. आधीच घाबरलेल्याला आता घाबरण्याचीही भीती! संमतीपत्रावर सही घेताना धोके सांगतात. शुद्धीवर आल्यावर कसं वाटेल ते त्या कागदावर नसतं. ते विचारावं लागतं, आणि भेदरलेल्या माणसाला नेमकं तेच सुचत नाही.

भावाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरतंय. 'काही होत नाही रे' म्हणत बसण्यापेक्षा त्याच्याबरोबर भूलतज्ज्ञांकडे जाईन. तो विचारणार नाहीच, मी विचारेन.