फळ्यावरची पाच अक्षरे

शहापुरातल्या आमच्या गल्लीच्या गणेशोत्सवाचा विषय निघाला की थोरांना देखावे आठवतात. आम्हा तेव्हाच्या मुलांना मात्र मंडपातला काळा फळा आठवतो. संगीत खुर्ची, रांगोळी, पाककला या स्पर्धा बेळगावात गल्लोगल्ली होत असत, पण आमच्या मंडळात त्यांच्या जोडीला इंग्रजी शब्दशोधही असे. एक निवृत्त गुरुजी फळ्यावर पाच अक्षरे लिहीत आणि ती सर्वच्या सर्व ज्यांत येतात असे शब्द आम्ही दहा मिनिटांत शोधून काढायचे. क्रम कोणताही चाले, इतर अक्षरे आली तरी हरकत नसे. विशेषनामे मात्र बाद होत.

अक्षरे निवडणे हेही कसबाचेच काम होते. स्क्रॅबल या इंग्रजी शब्दखेळाच्या 100 सोंगट्यांत ई हे अक्षर 12 वेळा येते, तर क्यू आणि झेड एकेकदाच. इंग्रजीतला हा कल गुरुजींना चांगला ठाऊक असल्यामुळे ते ई सहसा सोडत नसत.

एका वर्षी एच, ई, ए, आर, टी ही अक्षरे पडली. हार्ट आणि अर्थ हे दोन्ही शब्द नेमक्या याच पाच अक्षरांचे, त्यामुळे ते बहुतेकांच्या कागदावर लगेच उतरले आणि खरी चढाओढ त्यानंतर सुरू झाली. मुरलेले स्पर्धक आठवतील ते शब्द तपासत बसत नसत. ते आधी टी-एच ही जोडी जुळवत, शेवटी ई-आर ठेवत आणि मग आरंभी एकेक व्यंजन लावून पाहत, की फादर, लेदर, वेदर, फेदर अशी रांगच लागे. टी-एच ऐवजी सी-एच घेतले की टीचर आणि चार्टर हाती येत. फादर चालतो म्हणून मदर लिहिणारेही निघत आणि त्यात ए कुठे आहे असे विचारले की ‘बसतंय की गुरुजी!’ म्हणून हुज्जत घालत.

गल्लीत मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तिन्ही माध्यमांची मुले होती. नाट्यछटा आणि वक्तृत्व यांत साहजिकच आमचा वरचष्मा असे, पण शब्दशोधात कोणाचीच घरची भाषा कामाला येत नसे, आणि इंग्रजीशी आम्हा सर्वांची गाठ पाचवीतच पडलेली होती. म्हणून उत्सवातली सर्वांत न्याय्य स्पर्धा मी आजही हीच मानतो. एचला ‘यच्’ म्हणणारी कन्नड शाळेतली मुले, ज्यांच्या उच्चारांना आम्ही उगाच हसत असू, कागद तपासून झाले की हमखास आमच्या पुढे असत.

खुल्या गटाची फेरी रात्री आरतीनंतर होई आणि तिथे सर्वांत लांब शब्दाला बक्षीस असे. त्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने ग्रँडफादर लिहिला, तर तारखात्यातून निवृत्त झालेल्या एका आजोबांनी टेलिग्राफर. गुरुजींनी दोन्ही शब्द फळ्यावर एकाखाली एक मांडून अक्षरे मोजली, तर दोन्हीकडे 11 भरली. मंडपात बराच गलका झाला, चिठ्ठी टाकावी असेही कोणी सुचवले. अखेर कपिलेश्वर तलावाकडे मिरवणूक निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बक्षीस विभागून देण्यात आले, आणि कुंद्याचा डबा एकच असल्यामुळे आजोबांनी तो मुलीकडे देऊन स्वतः नुसते प्रमाणपत्र घेतले.