जोएल सेलवूड: अकरा हंगामांचे कर्णधारपद

२०२२ सालच्या सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, फोंड्याच्या आमच्या घरात दुसऱ्या दिवशीच्या स्वयंपाकाची तयारी चालली होती आणि मी मोबाइलवर मेलबर्नमधला ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचा अंतिम सामना पाहत होतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉलची गोडी मला तिकडे शिकणाऱ्या भाच्यामुळे लागली. क्रिकेटच्या अंडाकृती मैदानावर प्रत्येकी अठरा खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण आणि बाजूने गेला तर एक, एवढे समजले की खेळ कळू लागतो.

त्या दिवशी मी पाहत होतो तो जिलाँगचा कर्णधार जोएल सेलवूड. बेंडिगोचा हा मुलगा २००६ च्या खेळाडू निवडीत सातव्या क्रमांकावर घेतला गेला. त्याच्या गुडघ्याच्या दुखापतीची धास्ती अनेक संघांनी घेतली होती. पहिल्याच हंगामात, २००७ मध्ये, जिलाँगने चव्वेचाळीस वर्षांनी अजिंक्यपद मिळवले. पुढे २००९ आणि २०११ मध्येही. वयाच्या तेविसाव्या वर्षी तीन अजिंक्यपदे पदरात असताना त्याच्याकडे २०१२ मध्ये कर्णधारपद आले.

खरी कसोटी त्यानंतरची आहे, असे मी मानतो. २०१३, २०१६, २०१७, २०१९ आणि २०२१ या पाचही वर्षी संघ अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर हरला. २०१३ ला तर अवघ्या पाच गुणांनी. २०२० मध्ये अंतिम फेरी गाठली आणि तिथे रिचमंडने हरवले. इतक्या पराभवांनंतरही दर हंगामाला संघ पुन्हा त्याच्याच मागे उभा राहत असे, कारण जमिनीवरच्या चेंडूसाठी घोळक्यात डोके घालणारा पहिला माणूस तोच असे. कपाळाला पांढरी पट्टी, तिच्यातून झिरपणारे रक्त आणि तरीही पुढच्या चेंडूवर झेप, हे चित्र तिथल्या प्रेक्षकांच्या मनात पक्के आहे. मानेवर धरले गेल्याबद्दल फ्री किक मिळावी म्हणून तो मुद्दाम खांदा उचलतो, असा आक्षेप त्याच्यावर वारंवार घेतला गेला. त्यात तथ्य होते, असे मलाही वाटते. पण त्या डावपेचाची किंमतही तो स्वतःच्याच डोक्याने मोजत होता.

आपल्या गोव्याला असा कर्णधार परका नाही. ब्रह्मानंद शंखवाळकर यांनी साळगावकर संघाचा गोल वर्षानुवर्षे राखला, भारताचे नेतृत्व केले, आणि मडगावच्या जुन्याजाणत्या प्रेक्षकांसमोर आजही ते नाव घेतले की गप्पा लांबतात.

त्या शनिवारी समर्थकांचा भलामोठा कागदी फलक फाडून संघ मैदानात आला, तेव्हा सेलवूडच्या कडेवर त्याचा जुना सहकारी गॅरी अ‍ॅब्लेट याचा लहान मुलगा होता. एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर जिलाँगने सिडनीला १३३ विरुद्ध ५२ असे हरवले. शेवटच्या सत्रात सेलवूडने गोल केला, तेव्हा सगळा संघ त्याच्याकडे धावला. तो त्याचा ३५५ वा सामना, कर्णधार म्हणून २४५ वा आणि बाद फेरीतला ४० वा. या शेवटच्या दोन्ही आकड्यांपर्यंत त्याच्याआधी कोणीही पोहोचले नव्हते. काही दिवसांतच त्याने निवृत्ती जाहीर केली. सामना संपल्याचा भोंगा वाजल्यावर मात्र तो कठड्यापाशी गेला, आणि संघाला पाणी देणाऱ्या तरुणाला त्याने हात धरून मैदानात ओढून घेतले.