जीकॅम टाकताय? आधी फोन काय देतो ते बघा

फोटो खराब आला की खापर फुटतं ते लेन्सवर, नाहीतर मेगापिक्सेलवर. खरं तर पंधरा-वीस हजारांच्या फोनमधला मुख्य सेन्सर आता बऱ्यापैकी चांगला असतो. माती होते ती त्यानंतर, कंपनीच्या कॅमेरा ॲपमध्ये. खात्री करायची असेल तर संध्याकाळच्या उजेडात दारातल्या रांगोळीचा फोटो काढा आणि बोटांनी ताणून मोठा करा. लाल भागात रांगोळीचे कण सुटे दिसायला हवेत. बहुतेक वेळा तिथे ऑइलपेंटचा हात मारल्यासारखा सपाट पट्टा दिसतो आणि पांढऱ्या रेघेला बारीक काळी किनार आलेली असते. सपाटपणा नॉइज रिडक्शनचा, म्हणजे फोटोतले दाणे (नॉइज) पुसण्याचा, आणि किनार शार्पनिंगची, म्हणजे कडा धारदार करण्याची. यात लेन्सचा काही दोष नाही.

अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं, ‘जीकॅम टाक’. सल्ला अर्धा बरोबर आहे.

जीकॅम म्हणजे गुगलचं पिक्सेल फोनसाठीचं कॅमेरा ॲप. २०२३ पासून त्याचं नाव ‘पिक्सेल कॅमेरा’ झालं, पण बोलण्यात जीकॅमच राहिलं. हौशी डेव्हलपर ते उघडून इतर फोनांवर चालेल असं करतात, त्याला पोर्ट म्हणतात. मूळ ॲप पिक्सेलशिवाय दुसऱ्या फोनवर प्ले स्टोअरमधून बसत नाही, म्हणून पोर्टची एपीके फाइल, म्हणजे ॲप बसवायची फाइल, बाहेरून घ्यावी लागते.

ॲपची खरी ताकद एचडीआर प्लसमध्ये आहे. बटण आपण एकदाच दाबतो, पण ॲप ओळीने अनेक फ्रेम घेतं आणि त्या मुद्दाम थोड्या अंधाऱ्या ठेवतं, म्हणजे ट्यूबलाइट किंवा आभाळ जळून पांढरं होत नाही. मग प्रत्येक फ्रेमचे छोटे चौकोन पाडून ते एकमेकांवर जुळवतं आणि सरासरी काढतं. हिशेब सोपा आहे. फ्रेमच्या संख्येचं वर्गमूळ काढा, नॉइज साधारण तितक्या पटीने उतरतं. नऊ फ्रेम जुळल्या तर ते एक तृतीयांशावर येतं. मग सावल्या उजळल्या तरी दाणे वर येत नाहीत आणि नॉइज पुसायला जोरात बोळा फिरवावा लागत नाही. रांगोळीचे कण टिकतात ते यामुळे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेला नाइट साइट हा अंधारातल्या फोटोंचा मोड हाच हिशेब लांबवतो. फोन हातात आहे असं जाणवलं तर एका फ्रेमला फार तर एक तृतीयांश सेकंद, स्टँडवर निश्चल असेल तर एक सेकंदापर्यंत. २०१९ च्या पिक्सेल ४ बरोबर आलेला ताऱ्यांचा मोड १६ सेकंदांपर्यंतच्या १५ फ्रेम घेतो, म्हणजे एकूण चार मिनिटं.

हे सगळं गणित पोर्टबरोबर तुमच्या फोनवर येतं. फोकस, व्हाइट बॅलन्सचे आकडे, कुठली लेन्स वापरायला मिळेल, सर्वात लांब एक्सपोजर (एका फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ) किती आणि रॉ फ्रेम, म्हणजे सेन्सरची कच्ची फ्रेम, कशी मिळेल, हे मात्र फोन कंपनीच्या ड्रायव्हरवर, म्हणजे कॅमेरा चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरवर ठरतं. ड्रायव्हर १६ सेकंदांचं एक्सपोजर देतच नसेल तर ताऱ्यांचा मोड चार मिनिटं मोजत बसेल आणि हाती काळा फोटो देईल. ५० मेगापिक्सेलच्या फोनवर जीकॅम १२.५ चाच फोटो काढतो अशी तक्रार नेहमी येते. ती चूक नाही. असे सेन्सर शेजारचे चार पिक्सेल मिळून एक करतात आणि बाहेरच्या ॲपला बहुधा तशीच जोडलेली रॉ फ्रेम देतात. ४८ चे १२ होतात, ६४ चे १६. १०८ मध्ये नऊ-नऊ पिक्सेल जोडले जातात, म्हणून तिथेही १२.

म्हणून आधी फोन तपासा, पोर्ट नंतर. प्ले स्टोअरवर ‘कॅमेरा२ एपीआय प्रोब’ नावाचं छोटं ॲप मिळतं. ते उघडलं की प्रत्येक कॅमेऱ्याखाली ‘हार्डवेअर सपोर्ट लेव्हल’ दिसते. ‘लेगसी’ असेल तर तिथेच थांबा. ‘फुल’ किंवा ‘लेव्हल ३’ असेल तर उत्तम. ‘लिमिटेड’ असेल तर खाली क्षमतांच्या यादीत ‘रॉ’ला हिरवी खूण आहे का ते बघा. असेल तर काम होण्याची बरीच शक्यता आहे. बाहेरच्या ॲपला कॅमेऱ्याचा असा ताबा देणारी ही कॅमेरा२ सोय अँड्रॉइड ५.० पासून, म्हणजे २०१४ पासून आहे, पण कंपनीने ती किती उघडायची हे कंपनीच ठरवते. जुन्या फोनांवर रूट करून, म्हणजे सिस्टिमचा पूर्ण ताबा मिळवून, एका सिस्टिम फाइलमध्ये ओळ घालून ती उघडण्याचा उपाय अजूनही सांगितला जातो. आता तो करू नये. रूट केलेल्या फोनवर बँकेची आणि यूपीआयची ॲप रुसतात, आणि फोटोसाठी एवढी किंमत मोजण्यात शहाणपण नाही.

चिपसेटही बघून घ्या. २०२० च्या पिक्सेल ५ पर्यंत सगळे पिक्सेल स्नॅपड्रॅगनवर होते, त्यामुळे जुना कोड त्याच चिपच्या अंगवळणी पडलेला आहे. स्नॅपड्रॅगनच्या फोनवर पोर्ट कमी त्रास देतात. मीडियाटेक आणि एक्झिनॉसवरही चालतात, पण तिथे आपल्या मॉडेलसाठी बनवलेली सेटिंगची फाइल मिळत असेल तरच हात घाला.

पोर्टच्या डाउनलोड पानावर एकाच आवृत्तीच्या चार-पाच प्रती दिसल्या की लोक गोंधळतात. आतलं ॲप एकच असतं, फरक असतो पॅकेजच्या नावाचा, म्हणजे फोन ॲपला ज्या नावाने ओळखतो त्याचा. काही कंपन्या अल्ट्रावाइड किंवा टेलि लेन्स ठरावीक नावाच्या ॲपनाच वापरू देतात. म्हणून पोर्ट करणारे आपल्या प्रतीला अशा परवानगी असलेल्या ॲपचं नाव देतात. स्नॅपकॅम नावाची प्रत त्यासाठीच असते, आणि सॅमसंगसाठीच्या प्रतीला तर चक्क मोजपट्टीच्या ॲपचं नाव असतं! मुख्य कॅमेरा चालतोय पण अल्ट्रावाइडचं ०.६ चं बटण नाही किंवा दाबलं की ॲप बंद पडतंय, असं असेल तर सेटिंगमध्ये डोकं घालण्याआधी दुसऱ्या नावाची प्रत टाकून बघा. वेगळ्या नावांच्या प्रती शेजारी-शेजारी नांदतात, आधीची काढावी लागत नाही.

टाकताना ज्या ब्राउझरमधून किंवा फाइल मॅनेजरमधून एपीके उघडाल त्याला ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल करा’ ही परवानगी द्यावी लागते. काम झालं की ती परत काढून घ्या. कॅमेरा, माइक, स्टोरेज आणि हवं असेल तर लोकेशन, एवढ्या परवानग्या मागणं रास्त आहे. एसएमएस किंवा ॲक्सेसिबिलिटी मागणारा ‘जीकॅम’ दिसला की लगेच काढून टाका.

या सगळ्यावर एक टांगती तलवार आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनांवर ओळख पटवलेल्या डेव्हलपरचीच ॲप बसतील, मग ती प्ले स्टोअरबाहेरची का असेनात. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून, आणि २०२७ पासून टप्प्याटप्प्याने बाकी देशांत. ओरड झाल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, धोक्याच्या सूचना वाचून जाणकारांना पुढे जाता येईल अशी वेगळी वाट ठेवू, असंही गुगलने सांगितलं. गुगलचंच ॲप फोडून बनवणारे पोर्टवाले गुगलकडे ओळखपत्र घेऊन जातील असं मला वाटत नाही. त्यामुळे आपल्या देशात पाळी येईल तेव्हा पोर्ट त्या वेगळ्या वाटेनेच टाकावे लागतील.

ॲप उघडल्यावर पहिलं काम म्हणजे आपल्या मॉडेलची सेटिंगची फाइल (एक्सएमएल) चढवणं. ती कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायची हे पोर्टनुसार बदलतं, डाउनलोड पानावर लिहिलेलं असतं. बहुतेक पोर्टमध्ये शटर बटणाच्या बाजूच्या काळ्या मोकळ्या जागेवर दोनदा टॅप केलं की फाइल निवडायची खिडकी येते.

फाइल मिळाली नाही तर निदान ब्लॅक लेव्हल, म्हणजे सेन्सरचा काळ्याचा आकडा, तपासा. सेन्सर पूर्ण अंधारातही शून्य देत नाही. १० बिटच्या अनेक सेन्सरमध्ये काळा म्हणजे ६४ आणि पांढरा म्हणजे १०२३. ॲपने तो पाया चुकीचा धरला तर सावल्यांवर हिरवी किंवा गुलाबी झाक येते, आणि नाइट साइटमध्ये ती भडक होते. उजेडातले फोटो ठीक आणि अंधारातलेच हिरवे असतील तर व्हाइट बॅलन्सच्या मागे लागू नका. प्रगत सेटिंगमध्ये ब्लॅक लेव्हलचं कस्टम मूल्य ६० ते ६६ दरम्यान एकेक आकडा बदलत बघा.

दुसरं सेटिंग फ्लिकरचं. भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. शटर १/१०० किंवा १/५० असेल तर प्रत्येक ओळीला सारखाच उजेड मिळतो, १/६० झालं की आडवे पट्टे येतात. पोर्टमध्ये हे ‘ऑटो’वर न ठेवता ५० हर्ट्झ करून टाका. स्वस्त एलईडी पट्ट्या मात्र स्वतःच्याच वेगाने लुकलुकतात, त्यांचे पट्टे याने जातीलच असं नाही.

अशाच पट्ट्यांनी सजलेलं गणपतीचं मखर हा कॅमेऱ्याचा खरा कस. मागे झगमगाट, पुढे मूर्तीचा चेहरा अंधारात. मूर्तीवर टॅप केलं की पिक्सेल ४ नंतरच्या आवृत्त्यांत दोन पट्ट्या सरकवता येतात, एक उजेडाची आणि एक सावल्यांची. आधी उजेड खाली आणा, दिव्यांचा पांढरा गोळा जाऊन त्यांचा रंग दिसेपर्यंत. मग फक्त सावल्या वर घ्या. चेहरा उजळतो आणि मखर जळत नाही. स्क्रीनवर दिसतं तंतोतंत तसं फोटोत येईलच याची पोर्टमध्ये हमी नाही, म्हणून दोन-तीन फोटो काढा. आरती चालू असताना एचडीआर प्लसचा ‘एन्हान्स्ड’ मोड टाळा. साध्या एचडीआर प्लसमध्ये बटण दाबण्याआधीच साठवलेल्या फ्रेम वापरल्या जातात, एन्हान्स्डमध्ये दाबल्यानंतरच्या. तेवढ्यात आरतीचा हात पुढे गेलेला असतो.

बाकी तक्रारी लवकर सुटतात. फोटो धूसरच राहतो, ‘प्रक्रिया चालू’ संपत नाही? जुळवणी मागे चालू असताना तुम्ही ॲप रिसेंट्समधून झटकलं, नाहीतर बॅटरी सेव्हरने मारलं. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘निर्बंध नाही’ करा. फोटोच्या छोट्या चौकोनावर टॅप केलं की ॲप बंद पडतं? गुगल फोटोज टाका, पोर्ट गॅलरी म्हणून त्यालाच हाक मारतो. स्क्रीनवरचं दृश्य अडखळतं? व्ह्यूफाइंडर फॉरमॅटचा दुसरा पर्याय निवडा. उघडताक्षणी बंद? पोर्ट तुमच्या अँड्रॉइडपेक्षा नव्या आवृत्तीसाठी आहे, मागची प्रत घ्या. स्लो मोशन आणि ६० फ्रेमचा व्हिडिओ बिघडला असेल तर वेळ घालवू नका, व्हिडिओसाठी कंपनीचंच ॲप बरं.

सॅमसंगवाल्यांनी या भानगडीत पडण्याआधी गॅलेक्सी स्टोअरमध्ये ‘कॅमेरा असिस्टंट’ आपल्या मॉडेलला मिळतं का बघावं. त्यात शार्पनिंगचा धारदारपणा सौम्य करता येतो, लेन्स आपोआप बदलणं बंद करता येतं, आणि बोट टेकताच फोटो निघावा असंही ठरवता येतं. अनेकांची तक्रार एवढ्यावरच मिटेल.

तुलना करताना फोन स्टँडवर ठेवा, दोन्ही ॲपमधून तोच फोटो काढा आणि त्याच फोनवर मोठा करून बघा. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेले फोटो समोर ठेवून भांडू नका. तिथे फोटो लहान होऊन दाबला जातो आणि ज्या कणांसाठी हा खटाटोप केला तेच आधी जातात. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

आता अपडेट. फोनला मोठी सिस्टिम अपडेट आली की चांगला चाललेला पोर्ट बिघडू शकतो, कारण तिच्याबरोबर कंपनीचा कॅमेरा ड्रायव्हरही बदलतो. लेन्सचे क्रमांक सरकतात, म्हणून २ नंबरवर अल्ट्रावाइड होती तिथे मॅक्रो उघडते. अपडेटच्या आधी पोर्टच्या सेटिंगमधून सध्याची रचना एक्सएमएलमध्ये साठवा आणि ती फाइल व चालू एपीके दोन्ही ड्राइव्हवर ठेवा. अपडेट बसल्यावर प्रोब पुन्हा चालवा, कॅमेऱ्यांचे क्रमांक आणि लेव्हल ताडून बघा. पोर्ट बिथरला असेल तर ॲपचा डेटा साफ करा, पण जुनी फाइल लगेच चढवू नका. आधी कोऱ्या सेटिंगवर एक फोटो काढा. तो नीट आला तर दोष जुन्या फाइलमध्ये आहे, फक्त लेन्सचे क्रमांक नव्याने भरा. कोऱ्या सेटिंगवरही बिघडला तर ड्रायव्हरनेच रॉ देण्याची रीत बदलली आहे, आणि पोर्टची पुढची आवृत्ती येईपर्यंत कंपनीच्या ॲपवर भागवावं लागेल. काढलेले फोटो डीसीआयएममध्ये असतात, पोर्ट काढला तरी ते जात नाहीत.