वरच्या खोलीचं दार

घर बघताक्षणी आवडावं असंच होतं. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर मिळून एकच मोठी, भरपूर उजेडाची खोली. घेणारं जोडपं तर टेबल कुठे ठेवायचं ते ठरवायलाही लागलं होतं. विक्रीआधी बांधकाम तपासून अहवाल देणं हे माझं काम. मंजूर नकाशात या दोन खोल्यांमध्ये ९ इंची भिंत होती. प्रत्यक्षात ती नव्हती.

भिंत काढली म्हणून घर वाया जात नाही. तिच्यावर काय उभं होतं, ते बघावं लागतं. मी वर गेले. नेमकी त्याच रेषेत वरची भिंत उभी. तिच्यातलं दार चौकटीला घासत होतं आणि चौकटीच्या कोपऱ्यातून छताकडे तिरकी भेग गेली होती. भेगेत पुट्टी भरलेली, तीही पुन्हा चिरलेली. म्हणजे हालचाल अजून चालू होती.

"मॅडम, लोखंडी गर्डर टाकलाय. इतकी वर्षं काही झालं नाही," विकणारे काका म्हणाले.

गर्डर होता खरा. फॉल्स सीलिंगचा एक तुकडा काढायला लावून बॅटरी मारली. एका टोकाला तो नीट बसलेला. दुसऱ्या टोकाखाली ओझं पसरवणारा काँक्रीटचा ठोकळाच नाही. जेमतेम अर्ध्या विटेवर टेकलेला, आणि त्या विटेची कड फुटून भुगा सीलिंगवर सांडलेला. ३ मीटर उंचीची ९ इंची विटांची भिंत मीटरला साधारण १.४ टन भरते. गर्डरच्या दोन टोकांमधल्या ४ मीटर अंतरावर नुसत्या भिंतीचेच साडेपाच टन, स्लॅब वेगळा. त्यातलं निम्मं ओझं त्या विटेवर! मी ताबडतोब वरची खोली रिकामी करायला लावली आणि त्याच दिवशी गर्डरखाली लोखंडी प्रॉप, म्हणजे तात्पुरते टेकू, उभे करून घेतले.

घेणाऱ्यांच्या वकिलांनी परवानगी, सुधारित नकाशा आणि गर्डरचं डिझाईन मागितलं. यातलं काहीच नव्हतं, होता तो ठेकेदाराचा शब्द. काकांनी विचारलं, "विक्रीनंतर करून देतो असं लिहून दिलं तर?" वकील ठाम नाही म्हणाले आणि मलाही ते पटलं. एकदा खरेदीखत झालं की नोटीस नव्या मालकाच्या दारात येते, आणि छताखाली राहायचंही त्यांनाच असतं. "मग तुम्ही ठीक आहे असा दाखला द्या," काका म्हणाले. मी दिला नाही.

शेवटी आधी डिझाईन, मग दुरुस्ती आणि नकाशाची मंजुरी, त्यानंतरच व्यवहार, असं ठरलं. ठेकेदाराला मी एकच गोष्ट बजावून सांगितली: मी येऊन बघेपर्यंत गर्डरच्या टोकांवर प्लास्टर चढवायचं नाही.