लाज वाटणे आणि 'अशेम्ड' असणे

गेल्या महिन्यात एका इंग्रजी विशेषणासाठी मला कामाची पाळी संपल्यावर थांबवून घेण्यात आले. इंग्लंडमधल्या स्विंडनच्या ज्या वृद्धाश्रमात मी काम करते, तिथे नव्याने आलेल्या एका आजोबांना मी त्या सकाळी पहिल्यांदाच आंघोळ घातली होती. त्यांनी मांडीवरचा टॉवेल दोन्ही मुठींत घट्ट धरून ठेवला होता आणि पूर्ण वेळ चेहरा भिंतीकडे वळवला होता. परक्या बाईसमोर उघडे होण्याचा तो संकोच मला तत्काळ कळला, कारण माझे वडील आजारी असताना मी तो घरी पाहिला होता. नोंदवहीत मी लिहिले, 'ही वॉज अशेम्ड ड्युरिंग द वॉश', आणि मनातले वाक्य होते, 'आंघोळीच्या वेळी त्यांना लाज वाटत होती.'

आमच्या सुपरवायझर बाईंनी मला बसवून अगदी शांतपणे विचारले, 'अशेम्ड ऑफ व्हॉट?' आजोबांच्या हातून काही घडले का, त्यांना कोणी काही बोलले का, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. तसे असते तर चौकशी करावी लागली असती. मी सांगितले की काहीच घडले नाही, त्यांना फक्त लाज वाटली. त्यावर त्या म्हणाल्या की मग ते 'एम्बॅरस्ड' होते, आणि नोंदीत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी येता कामा नयेत. चूक दाखवताना त्यांनी माझ्या इंग्रजीला एका शब्दाने नावे ठेवली नाहीत, हे मी कधी विसरणार नाही.

त्या रात्री मी शब्दकोश काढून बसले. गोव्यातल्या डिचोलीच्या शाळेत आम्ही 'अशेम्ड म्हणजे लज्जित' एवढे पाठ केले होते, आणि ते चुकीचे नव्हते, अपुरे होते. हा शब्द जुन्या इंग्रजीतील 'लाजणे' या अर्थाच्या क्रियापदाचे धातुसाधित आहे, आणि त्याला कारण लागते. आपण केलेले किंवा करायचे राहिलेले काहीतरी, ज्यामुळे आपण स्वतःच्या नजरेतून उतरलो, ते सहसा 'ऑफ' लावून सांगतात. चारचौघांत चहा सांडला तर माणूस 'एम्बॅरस्ड' होतो. आईशी खोटे बोलला तर 'अशेम्ड'. लाजाळू स्वभावासाठी 'शाय' वेगळा, आणि लाजिरवाण्या कृत्यासाठी 'शेमफुल' वेगळा, कारण 'अशेम्ड' कृत्य असत नाही, माणूसच असतो. शिवाय 'अस्लीप' आणि 'अफ्रेड' यांच्याप्रमाणे हा शब्द सहसा नामाच्या आधी एकटा येत नाही. 'ॲन अशेम्ड बॉय' असे सहसा म्हणत नाहीत, 'द बॉय वॉज अशेम्ड' असे म्हणतात. 'अनअशेम्ड' मात्र नामाआधी बिनदिक्कत येतो. 'फॉर' लावला की दुसऱ्याच्या वतीने आपली मान खाली जाते. 'टू' लावल्यावर तर दोन उलट गोष्टी होतात: 'अशेम्ड टू आस्क' असलेला माणूस बहुधा विचारत नाही, पण 'अशेम्ड टू से' म्हणणारा पुढच्याच श्वासात ते सांगून मोकळा होतो. हे वाचताना मी थक्क झाले, कारण एवढी रेखीव वाटणी मला शाळेत कोणी दाखवली नव्हती.

तरीही माझे वाक्य अडाणीपणाचे होते असे मी मानत नाही. आपल्या लाजेला गुन्हा लागत नाही. नवी नवरी लाजते, पाहुण्यांसमोर मूल लाजते, आणि द्रौपदीची लाज राखली गेली असे आपण म्हणतो तेव्हा लाज म्हणजे अब्रू असते. चुकीची टोचणी सांगायची तर खजील होणे, ओशाळणे, वरमणे, शरमिंदे होणे असे शब्द आपल्याकडे आहेत, आणि वरमणारा व ओशाळणारा एकच नव्हे, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. आपण म्हणतो 'मला लाज वाटते', आणि घरी कोकणीत 'म्हाका लज दिसता'; म्हणजे लाज माणसाकडे येते आणि निघूनही जाते. सासरे पोर्तुगीज शाळेत शिकलेले. त्या भाषेत लाज माणसाजवळ 'असते', असे ते सांगतात. इंग्रजीत मात्र माणूस स्वतःच 'अशेम्ड' होतो, आणि ते मला फार कठोर वाटते.

हा विषय माझ्या इतका जिव्हारी का लागला, तेही सांगते. सासऱ्यांचा जन्म १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज गोव्यातला, म्हणून आम्हाला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला आणि २०१९ साली आम्ही इथे आलो. गेल्या चतुर्थीला व्हिडिओ कॉलवर माझ्या मावशीने सगळ्यांदेखत विचारले, 'लोकांची आंगां धुतां, तुका लज दिसना?' मी तेव्हा गप्प बसले. आज उत्तर देते. ज्यांना मी आंघोळ घालते ते कोणाचे तरी आईवडील आहेत, आणि त्यांची लाज राखणे हेच माझे काम आहे. त्या कामाची मला शरम वाटत नाही. गोव्यात राहिले असते तर पदवी घेऊनही दुकानाच्या गल्ल्यावर बसले असते आणि तेव्हा मावशीने काहीच विचारले नसते, हेही मला ठाऊक आहे.

परवा रात्रपाळीत त्याच आजोबांची घंटा वाजली. बिछाना ओला झाला होता आणि ते काठाशी पाय सोडून बसले होते. 'आय ॲम सो अशेम्ड,' असे ते दोनदा म्हणाले. या वेळी शब्द त्यांचा होता आणि मला त्याचे वजन कळत होते. 'यू हॅव नथिंग टू बी अशेम्ड ऑफ,' मी म्हटले, आणि ते 'ऑफ' मी मुद्दाम ठामपणे उच्चारले. मग चादर बदलली, कोमट पाण्याने त्यांचे पाय पुसले, टॉवेल आधी त्यांच्या हातात दिला, आणि नोंदवहीत ते विशेषण त्यांच्याच तोंडचे म्हणून अवतरणचिन्हांत लिहिले.